सगळ्यात भित्र्याचा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. 'सुरंगी'चे बोल्ट शाबूत होते. ते मी स्वतः तपासले आणि मयेकरकाकांना खोटं सांगितलं. आता काका नाहीत, म्हणून लिहायचा धीर होतोय. यातही माझा भित्रेपणाच आहे, पण त्यावर काका नुसते हसले असते.

काका मूळचे मालवणचे, वडिलांची मासेमारीची होडी. तरुणपणी जहाजावर फिटर म्हणून निघाले ते हाम्बुर्गला उतरले, पुढे हॅनोव्हरच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी पुण्याहून गिअरबॉक्सच्या कामावर हॅनोव्हरला आलो, त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत ते माझ्या पुढे होते. वळून पहिला प्रश्न विचारला, पोहता येतं का. टाकीत शिकलोय, म्हटलं. "पुरे. बुडायला वेळ लागेल तुला. तेवढ्यात मी काढीन," म्हणाले, आणि पुढच्या शुक्रवारी ऑफिसखाली गाडी घेऊन हजर झाले.

'सुरंगी' ही त्यांची शिडाची बोट, जुनी, नऊ मीटरची, बाल्टिक समुद्राच्या काठावर एका छोट्या बंदरात बांधलेली. एरवी काका आमच्यासारखंच मराठी बोलत, मधूनमधून जर्मन 'या, गेनाऊ', म्हणजे 'हो, बरोबर', पेरत. मालवणी बोलत ती फक्त बोटीशी. वारा वाढला की तिच्या कठड्यावर थाप मारून म्हणत, "वाईच दम धर गो बाये."

रोज सकाळी दोर सोडण्याआधी, हातात चहाचा मग घेऊन, ते एकच प्रश्न विचारत. "आज सगळ्यात भित्रा कोण?"

ही त्यांच्या वडिलांच्या होडीवरची रीत. ज्याला भीती वाटते त्याने हात वर करायचा. एक जरी हात वर गेला तरी होडी निघायची नाही, आणि का म्हणून कुणी विचारायचं नाही, तेव्हाही नाही आणि संध्याकाळीही नाही. मी एकदा म्हटलं, कारण विचारायला काय हरकत आहे? काका म्हणाले, "भीतीला कारण विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो."

बहुतेकदा हात त्यांचाच वर जायचा. आकाशाकडे बघून म्हणायचे, "आज मी." मग दिवसभर बंदरातच कांदेपोहे, पत्ते आणि शेजारच्या बोटींच्या डोलकाठ्यांत शीळ घालणारा वारा. माझा हात कधीच वर गेला नाही. एका दुपारी भर समुद्रात वादळी झोत आला, बोट एका कुशीवर झाली, तेव्हा मी कठड्याला असा चिकटलो की नंतर बोटं उघडेनात. काकांना वाटलं, पोरगं मनाचं घट्ट आहे. त्यांचं ते वाटणं मला फार आवडलं.

मग त्यांच्या डोक्यात नॉर्वे आला. दोन हिवाळे त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटाऐवजी नकाशे होते. "तिकडचा किनारा अगदी मालवणसारखा रे. पाण्याखाली खडकच खडक. फक्त थंड." बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, म्हणून काका त्याला तळं म्हणत. नॉर्वेचं पाणी आपल्या बोटीला मानवेल का, याचा त्यांनी बारीक विचार केला. तिथे काठापर्यंत खोल पाणी, नांगर तळाशी पोचायची मारामार. म्हणून लांब साखळी घेतली. बोट बांधायला खडकात ठोकायच्या लोखंडी मेखा आणल्या, केबिनमध्ये हीटर बसवला. राहिल्या दोन गोष्टी. एक, डेन्मार्क सोडल्यावर लागणारा उघडा समुद्र. दुसरी, कील, म्हणजे बोट उलटू नये म्हणून पोटाखाली बोल्टांनी जखडलेलं लोखंडी वजन. तिच्या सांध्यावर गंजाचा ओघळ दिसत होता.

हिवाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून शेडमध्ये ठेवतात. तिथे काकांनी माझ्या हातात हातोडी दिली. धातू कुठे थकतो ते शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. ते म्हणाले, "या वेळी माझा हात वर जाणार नाही, मला फार जायचंय. त्यामुळे माझ्यावर भरवसा नको. तू सांग."

आत वाकून मी एकेक बोल्ट ठोकला. प्रत्येकाचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. गंज नुसता वरचा होता. नुसता हात वर केला असता तरी भागलं असतं, पण मग मी घट्ट नाही हे काकांना कळलं असतं. मी म्हटलं, "काका, दोन बोल्ट गंजाने आतून खाल्लेत. बाल्टिकला चालतील. तिकडे नको." बदलायचे तर अख्खी कील उतरवावी लागेल आणि या वयाच्या बोटीला ते झेपणार नाही, हेही जोडून दिलं.

"गेनाऊ," काका म्हणाले. घरी जाऊन त्यांनी नकाशांची गुंडाळी केली.

पुढचे उन्हाळे मात्र सुखाचे गेले, हे खोटं नाही. डेन्मार्कची बेटं, छोटी बंदरं, काकांच्या हातची सोलकढी. पण वारा वाढला की ते आता लवकर शिडं उतरवत. बोटीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती कात्रिन नावाच्या मुलीला आणि तिच्या नवऱ्याला विकली, आणि स्वतःहून बजावलं, बोल्ट कच्चे आहेत, उत्तरेला नेऊ नका.

दोन वर्षांनी काका आणि मी सहज त्या बंदरात मासे खायला गेलो. 'सुरंगी' धक्क्याला होती. कात्रिन धावत आली. तज्ज्ञाकडून कील तपासून घेतली, बोल्ट उत्तम निघाले, नुकतेच नॉर्वेहून परतलोय, असं आनंदाने सांगू लागली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून बोटीच्या अंगावर तळवा ठेवला आणि हळू म्हणाले, "तुझा काय चुकला नाय गो बाये."

मग त्यांनी कात्रिनला एकेक बंदर विचारून घेतलं, नांगर कसा धरला, मेखा उपयोगी पडल्या का. चेहरा नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा खुलला होता. परतीच्या वाटेवर मला त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांच्या वडिलांच्या होडीवर कारण विचारत नसत. तळलेल्या माशाचा पाव माझ्या हातात ठेवून म्हणाले, "खा, गार होईल."

पुढच्या हिवाळ्यात काका गेले.

त्यांचं माझ्याकडे एक वाक्य अजून येणं आहे. बोट चांगली होती काका, भित्रा मी होतो.