तपासणीच्या दिवशीचे पेशंट

बी.एस्सी. झाल्यावर मी रेडिऑलॉजिस्टच्या सहायकाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी डॉक्टर होणार. मी समजावून सांगितलं, की एक्स-रे आणि बेरियमच्या तपासण्यांत मी डॉक्टरांना मदत करणार, काही तपासण्या त्यांच्या देखरेखीखाली स्वतः करणार. वडील म्हणाले, "म्हंजी कंपाउंडर." मी पुन्हा समजावलं. ते म्हणाले, "मग नर्स." त्यानंतर मी नाद सोडला. गावात 'पोरगी फोटू काढायचं शिकायली' एवढ्यावर प्रकरण मिटलं आणि एकानं लग्नाच्या अल्बमचा भावही विचारून घेतला.

आमचं कॉलेज नळदुर्गच्या अलीकडे, हायवेला लागून, दोन ढाब्यांच्या मध्ये होतं. तुम्हाला रेडिऑलॉजिस्टचा उजवा हात म्हणून घडवू, असं प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. अडचण एवढीच होती की कॉलेजात रेडिऑलॉजिस्टच नव्हता. वर्गभर उजवे हात बसलेले, आणि ज्याचे हात व्हायचं तो गृहस्थ कुठं आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या आमच्याच दवाखान्यात फ्लुरोस्कोपीचं नवं यंत्र होतं. पेशंटनं गिळलेलं औषध आत कसं सरकतं, ते या यंत्राच्या पडद्यावर हलताना दिसतं, असं आम्ही वाचलं होतं. पाहिलं नव्हतं, कारण त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. प्लास्टिक काढलं की यंत्र जुनं होतं, असं आमचे हेडसर मनापासून मानत. त्यामुळे आमचं क्लिनिकल ट्रेनिंग म्हणजे एकमेकींना टेबलावर झोपवायचं आणि बंद यंत्राखाली "श्वास घ्या, धरा, सोडा" म्हणायचं. श्वास सोडण्यात आमचा वर्ग जिल्ह्यात पहिला आला असता.

दुसऱ्या वर्षी वरून तपासणी येणार असल्याचं कळलं आणि कॉलेजची झोप उडाली. हेडसरांनी सगळ्यांना बोलावून फर्मान काढलं. क्लिनिकल ट्रेनिंगचा भाग म्हणून प्रत्येकानं आपापल्या गावाहून जीपभर पेशंट आणायचे, जेवण कॉलेजकडे.

"आजारी माणसं आणायची का सर?" मी विचारलं.

माझी कीव आल्यासारखं त्यांनी पाहिलं. "आजारी माणसं घेऊन काय करू? ती वेळेवर येत नाहीत. चांगली धडधाकट बघून आण."

आमचं गाव लोहाऱ्याच्या पुढे आहे. जेवणाचं नाव निघताच बौद्धवाड्यातली निम्मी माणसं तयार झाली. शेजारचे चाचाही इस्त्रीचा कुर्ता घालून आले. मी सगळ्यांना जय भीम, सलाम करत जीपपाशी पोचले, तर माझी काकू आधीच खिडकीची जागा धरून बसली होती. तिला मी विचारलंसुद्धा नव्हतं. काका गेल्यापासून ती मुलाकडे राहायची आणि वर्षभरात निम्मी झाली होती. भाकरी चुरून, कालवून, वर पाणी पिऊन एकेक घास कसाबसा उतरवायची. सून म्हणायची, सासूबाईंचे नखरे आहेत. मुलगा म्हणायचा, वय झालं. मला तिच्या तब्येतीची धास्ती वाटायची, पण दवाखान्याचं नाव काढलं की काकू पावसापाण्याचं बोलायला लागायची. आज मात्र ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती.

कॉलेजात पोचल्यावर आजारांचं वाटप झालं. लग्नाच्या पंगतीत वाढपी फिरतो तसे हेडसर रांगेतून आजार वाढत फिरले. चाचांच्या वाट्याला मुतखडा आला, तो त्यांनी साफ नाकारला. "मुतखडा नक्को साहेब. पोरीचं लगीन जमवालोय. कायतरी इज्जतदार द्या." त्यांना गुडघा मिळाला आणि ते तिथल्या तिथे लंगडायला लागले. शेवटी हेडसर म्हणाले, बेरियमसाठी एक पेशंट पाहिजे, गिळायला त्रास होणारा. पांढरं चुन्यासारखं औषध प्यावं लागेल.

"ते मला द्या," काकू म्हणाली.

"जमेल का मावशी? तपासणीच्या साहेबांनी विचारलं तर घास छातीत अडकतो म्हणायचं."

"आन् रातच्याला आडवं पडलं की खाल्लेलं उलटं येतं, आसं बी म्हनू का?"

हेडसर खूश झाले. "बघा, हिला म्हणतात हुशार! सगळ्यांनी असंच मनानं भर घालायची."

मी काकूकडे पाहिलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली.

तेवढ्यात आमचा रेडिऑलॉजिस्टही आला. तो हैदराबादच्या बाजूनं गाडी करून, एका दिवसापुरता आला होता. कॉलेजच्या स्थापनेपासून हे इथंच आहेत, असं साहेबांना सांगायचं ठरलं होतं. आल्या आल्या या स्थापनेपासूनच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "एक्स-रे विभाग कुठल्या मजल्यावर आहे?"

दुपारी साहेब आत आले. यंत्रावरचं प्लास्टिक निघालं होतं, पण एका पायाला राहिलेला तुकडा पंख्यानं फडफडत होता. मी शिशाचा ॲप्रन चढवला, काकूला यंत्रापुढे उभं केलं आणि हातात बेरियमचा पेला दिला. केसपेपरवर तिचं नावही आम्ही दुसरंच लिहिलं होतं, दवाखान्याची जुनी पेशंट वाटावी म्हणून. साहेबांनी विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं. घास अडकतो, पाणीसुद्धा कधीकधी उलटं येतं, रात्री ठसका लागून जाग येते. साहेब मान डोलवत होते.

"काकू, एक घोट घ्या," मी म्हणाले.

पडद्यावर पांढरी धार अन्ननलिकेतून खाली आली आणि जठराच्या तोंडाशी थांबली. मी दुसरा घोट घ्यायला सांगितलं, तोही पहिल्यावर जाऊन बसला. वरची नळी पिशवीसारखी फुगली होती आणि तळाला निमुळतं टोक झालं होतं. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. खालची झडप उघडत नसली की असं दिसतं, आणि कधीकधी गाठ असली तरी दिसतं. माणसं पंगतीला बसवायला आणली होती, आणि माझी काकू इथं माझ्यापुढे वर्षभर उपाशी उभी होती.

"छान केस आणलीत," साहेब म्हणाले. "मुलांना असंच मटेरियल मिळायला पाहिजे." हेडसरांनी नम्रपणे मान झुकवली.

साहेब पुढच्या खोलीत गेल्यावर डॉक्टर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "ही बाई खरी पेशंट आहे, की आपली?"

"आपली," मी म्हणाले. "माझी काकू आहे."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा पडदा पाहिला. "लवकर न्या हिला. सोलापूरला. दुर्बीण घालून बघावं लागेल."

"रिपोर्ट द्याल?"

"मी आज कागदावर दोन दवाखान्यांत हजर आहे," ते खाली बघून म्हणाले. "आणि हिचं नावही हिचं नाही. सही कशी करू?"

मला भयंकर राग आला. डॉक्टर उसना, नाव उसनं, गावची माणसं उसनी, आणि या सगळ्यात काकूच्या छातीत अडकलेलं ते पांढरं तेवढं खरं, त्याचा कुठेच पुरावा नाही.

परतताना जीपमध्ये सगळे काकूचं कौतुक करत होते. "लई झ्याक केलंस गं, साहेब पार फसला!" चाचा अजून लंगडत होते, त्यांना ते आवडलं होतं. काकू हसत होती. गावाच्या फाट्यावर उतरून बाकीचे पुढे झाले, तेव्हा मी तिला थांबवलं.

"काकू, तुम्हाला खरंच आजार आहे. नाटक नाही हे. मी डोळ्यांनी बघितलंय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"मग आजवर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"घरात सांगितलं तर सोंग म्हनत्यात. तुज्याकडं सोंग करायला मानसं बोलावली, म्हनलं चला, सोंगाच्या नावानं तरी कुनी आत बघंल." तिनं माझा हात धरला. "मरायचं हाय का त्यात, तेवढं सांग. भ्या वाटतंय गं."

मला रडू आलं. मी म्हणाले, "मला नाही माहीत काकू. उद्या सोलापूरला जाऊ. तुमच्या खऱ्या नावानं."

गाठ नव्हती, झडपच होती. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात आत फुगा घालून, तो फुगवून ती रुंद केली आणि महिनाभरात काकूच्या गालावर मांस चढलं. कॉलेजलाही मान्यता मिळाली. यंत्रावर पुन्हा प्लास्टिक चढलं.

पुढच्या तपासणीच्या आधी हेडसरांनी मला खास बोलावून घेतलं. "तुझ्या त्या बेरियमवाल्या मावशीला आण बरं का. साहेब अजून त्या केसची आठवण काढतात."

"ती बरी झाली सर," मी म्हणाले.

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.