मंगलचं नाव समुद्राला सांगितलं तेव्हा

"पारूबाय, त्याचं नाव देऊ नका," मासळी बाजाराचे चेअरमन म्हणाले.

नारळी पुनवेची सकाळ होती. मी सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, निवडत होते. मान वर केली नाय.

"कोणाचं?"

"तुम्हांला ठाऊक आहे. मधूचं. साडी नेसून बसतो तो."

"बसायला तुम्हीच जागा दिलीत."

"बसणं निराळं, देवाच्या कानावर घालणं निराळं. उद्या जाळ्याला म्हावरं लागलं नाय तर लोक मला धरतील."

"गेल्या साली तिचं नाव नव्हतं. तेव्हा तरी कुठं लागलं?"

चेअरमन चपला वाजवत गेले.

मी मासळी विकत जन्म काढला. शाळा दुसरीपर्यंत. दादला बोटीवर गेला तो आलाच नाय. त्या साली टोपली घेतली. रडायला वेळ नव्हता, सकाळी लिलाव असायचा.

मांडवीच्या अंगाला आमचा बाजार. त्याची एक रीत हाय. पुनवेला बोटी सुटायच्या आधी धक्क्यावर गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं सांगणं. बोटीवरचा म्होरक्या, बाबू तांडेल, एकेक वाक्य म्हणतो, जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. माणसं बोलली नाय तर गाऱ्हाणं पुढं सरत नाय. आणि ते पुरं झाल्याशिवाय बोटीचा दोर कोणी सोडत नाय. मग आम्ही सगळ्या बाया, हिंदू काय नि मुसलमान काय, खाडीकाठच्या पिराला मलिदा घेऊन जातो. त्या साली बाजारात नवीन कोण बसलं, त्याचं नाव दोन्हीकडं सांगायचं. नाव देण्याचं काम सगळ्यात जुन्या विकणारीचं. म्हणजे माझं.

मंगल आमच्याच वाडीतली. जन्माला मुलगा म्हणून आली, मधू. बायकांसारखी राहते म्हणून बापानं घराबाहेर काढली. मुंबईत लोकांची भांडी घासली, तिथंच साडी नेसायला लागली. आई गेली तेव्हा परत आली आणि आईची टोपली घेऊन बसली.

गिऱ्हाइकं चेष्टा करायची. "काय मंगलराव, बांगडा नर की मादी?"

"खाऊन सांग," ती म्हणायची.

चेअरमन गेल्यावर ती माझ्याकडं आली. त्यांचं बोलणं ऐकलं होतं तिनं.

"मावशी, ओटा काढून घेतला तरी चालेल. पण आईनं देवाला मधू म्हणून सांगितलंय. मी रोज हात जोडते, तर तो दुसऱ्याच कोणाला ओळखतो असं वाटतं. त्याला माझं नाव कळू दे."

"आधी बोंबील झाक, मांजर आलंय," मी म्हटलं. मला तसलं बोलणं सुचत नाय.

दुपारी धक्का भरला. भरतीही भरली होती. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. ओहोटी लागली की बोट अडकते, मग दुसऱ्या भरतीची वाट बघा. नारळ पाण्यात सोडला. मी तांडेलाच्या कानात नाव सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी समुद्राकडं बघितलं.

"बा देवा म्हाराजा! ही मंगल, तुझं लेकरू, यंदा बाजारात बसली. हिला पदरात घे म्हाराजा!"

कोणी बोलेना. नाव देणारीनं स्वतः 'व्हय' म्हणायचं नसतं, नायतर मीच म्हटलं असतं. चेअरमन छत्रीची काडी नीट करत होते. मंगल डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून उभी होती.

बोटीवरून एकजण ओरडला, "पाणी उतरतंय! म्हणा की काय ते!"

"तू म्हण!" धक्क्यावरून कोणीतरी म्हणालं.

हव्वाबी कायम माझ्या शेजारच्या ओट्यावर बसते. गाऱ्हाण्याला येते, पण बाजूला गप्प उभी राहते. तिचा धर्म निराळा. त्या दिवशी तीच ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मग मला म्हणाली, "तुझ्या देवाला माझा आवाज चालतो ना गो?"

बाया हसल्या. हसता हसता दोघीतिघींनी म्हटलं. मग बोटींवरून मोठ्यानं आलं, पाणी उतरत होतं ना. शेवटी चेअरमनचे ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाय. दोर सुटले.

पिराच्या दाराशी मंगल परत अडली. तिथं बापये एकीकडं बसतात, बाया एकीकडं.

"चाचा, मी कुठं बसू?" तिनं मुजावरांना विचारलं. मुजावर म्हणजे पिराची सेवा करणारे.

"डोकं झाकलंयस ना? मग बायकांत बस. मलिदा थंड होतोय."

त्यांनी तिचं नाव घेऊन दुवा मागितली. मी "आमीन" म्हटलं. हव्वाबीनं कोपर मारलं. "आता बरोबरी झाली."

मंगल रडली, पण मलिदा दोनदा घेतला.

पुढं काय झालं? तिच्या शेजारी बसायला नको म्हणून दोघी बायांनी ओटा बदलून घेतला. बापानं दार उघडलं नाय ते नायच. म्हावरं कधी लागलं, कधी नाय, नेहमीसारखं. मंगल अजून बसते. चेअरमनची बायको सुकट तिच्याकडूनच नेते.

मी एवढंच शिकले. देवाला कधीही विचारावं. माणसांना विचारायचं असेल तर ओहोटीच्या तोंडावर विचारावं.