जानेफळच्या दवाखान्याची शहाबादी

बाळंतपणाच्या खोलीची फरशी एका दुपारीत पांढरी पडली होती. मी दारात उभा राहून बघत होतो आणि ठेकेदाराचा मुकादम शेजारी उभा होता.

महाराष्ट्र राज्य नवीन होतं आणि मीही नोकरीत नवीन होतो, ओव्हरसियर म्हणून. जानेफळला सरकारी दवाखाना बांधून होत आला होता. फरशीवर सिमेंटचे शिंतोडे उडाले होते. मुकादमाने पूर्वी चिनी मातीच्या टाइल्स तेजाबाने साफ केल्या होत्या. इथेही त्याने तेच ओतलं. तेजाब म्हणजे ॲसिड.

आमच्या जिल्ह्यात सगळा काळा पत्थर. भिंतींना उत्तम, पण त्याच्या पातळ, सपाट लाद्या निघत नाहीत. त्यासाठी शहाबादी. हा चुनखडीचा दगड. फार पूर्वी पाण्याखाली गाळ थरावर थर बसून तयार झालेला, म्हणून थराथराने सरळ सुटतो. रंग आभाळ भरून आल्यासारखा निळा-करडा. रेल्वेच्या वाघिणीतून अकोल्याला आणि तिथून ट्रकने तो आमच्याकडे आला, तेव्हा मी लाद्यांवरून नुसता हात फिरवत राहिलो होतो. पण चुनखडीला ॲसिड चालत नाही. ते पडलं की दगड फसफसतो, वरचा थर विरघळतो आणि खडबडीत होतो.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरसाहेब आले. त्यांनी वाकून बोट फिरवलं. अशी फरशी घाण धरून ठेवणार, ही खोली बाळंतिणीची आहे, सगळी उखडा आणि सिमेंटचा कोबा करा, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण उखडायचं, नवा कोबा भिजवायचा, म्हणजे दवाखाना पावसाळ्यानंतर सुरू होणार. अडलेल्या बाईला घेऊन चिखलातून मेहकरच्या दवाखान्यात बैलगाडी जायची कशी, हे गावाला माहीत होतं.

नव्या नर्सबाई, कमलताई, जानेफळच्याच बौद्धवाड्यातल्या. ट्रेनिंग घेऊन आपल्याच गावी आलेल्या. त्यांनी मला विचारलं, "साहेब, हा गोटा पूरा खराब झाला काय?"

मी उरलेली एक लादी हातोडीने फोडली आणि तुटलेली कड त्यांना आणि इंजिनियरसाहेबांना दाखवली. आतून तोच निळा-करडा रंग, तोच बारीक कण. या दगडावर मुलामा नसतो. वरचा चेहरा गेला तर आतला वर काढता येतो.

"साहेब, एवढी एक खोली घासून दाखवतो," मी म्हणालो. "नाही पटलं तर मीच उखडतो."

साहेब म्हणाले, "पुढच्या व्हिजिटला बघतो. तोवर कोबा थांबवा."

तेव्हा गावात वीज नव्हती, त्यामुळे मशीनचा प्रश्नच नव्हता. घासायचे दगड आणले, आधी जाड, मग बारीक. पण घासताना सतत पाणी लागतं, नाहीतर दगडावर ओरखडे उठतात. आणि तो ऐन वैशाख. दवाखान्याची विहीर तळाला गेलेली.

भरपूर पाणी होतं ते पाटलांच्या मळ्यात. त्याच विहिरीवर कमलताईंच्या आईला पूर्वी पाऊल टाकता येत नसे. ताई पाटलांकडे गेल्या. मी सोबत होतो. ताई ओट्याखाली थांबल्या नाहीत, वर जाऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्या सुनेले पावसाळ्यातच दिवस भरतेत. तवा गाडी कुठं नेसान? मले खोली पायजे, खोलीले पाणी पायजे."

पाटलांनी गड्याला हाक मारून बैलगाडी जुंपायला सांगितलं. ताईंना त्यांनी बसायला सांगितलं नाही. पण पाणी रोज आलं.

मुकादम स्वतः गुडघ्यांवर बसून घासायचा. हळूहळू पांढरी साय निघाली आणि खालून निळसर रंग वर आला. ओल्या लादीत खिडकीचे गज दिसायला लागले, तेव्हा काम करणारी माणसं थांबून बघत राहिली.

साहेब भर उन्हात आले. कमलताईंनी फरशीवर साबणाचं पाणी ओतलं, निपटून काढलं आणि पांढऱ्या फडक्याने पुसलं. फडकं साहेबांपुढे धरलं. ते पांढरंच होतं. साहेबांनी बूट-मोजे काढले आणि आत जाऊन मधोमध उभे राहिले. बाहेर जमीन पोळत होती. आत शहाबादी गार होती. त्यांनी निघायची घाई केली नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "छान आहे."

मृग बरसत असतानाच दवाखाना सुरू झाला. पाटलांच्या सुनेला तिथेच मुलगी झाली. बघायला आलेल्या पाटलांनी दारात वहाणा काढल्या आणि आत पाय ठेवण्याआधी कमलताईंना विचारलं, "येऊ काय, बाई?"

नंतर मी पुष्कळ इमारती बांधल्या, महागडे दगडही वापरले. तरी कोणी विचारलं तर आजही शहाबादीच सांगतो. तिला रोज साबण-पाणी पुरतं. तेजाबाची बाटली मात्र साइटवर येऊ देऊ नये.