बोटांना आलं, पायांना येईना

आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत टायपिंगचा क्लास आहे आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहतो. खरं तर क्लासमध्येच आम्ही राहतो म्हणायला हरकत नाही. उजाडायच्या आत पहिली बॅच येते आणि चहाचं आधण ठेवलं जातं तेच मुळी कळफलकांच्या खडखडाटात. सरकारी नोकरीच्या आशेनं झरीची, पोखर्णीची, गंगाखेडकडची पोरंपोरी टायपिंगची परीक्षा द्यायला येतात. माझा नवरा त्यांना शिकवतो. त्याचा एक सिद्धांत आहे आणि तो त्याने मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ऐकवला होता. बोटांना एकदा वळण लागलं की पुढचं सगळं आपोआप येतं. मी तेव्हाही विचारलं होतं, पुढचं म्हणजे काय काय? त्यावर तो नुसता हसला होता.

मी स्वतः झरीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळते. सांभाळते हाच शब्द बरोबर, कारण पहिलीला खुर्चीवर बसून शिकवता येत नाही. एक रडत असतं, एक पळत असतं, एकाला नेमकं तेव्हाच लघवीला जायचं असतं. दिवसभर उभं राहायचं, वाकायचं, फेर धरायचा, बेडूकउड्या मारून दाखवायच्या. मला ते आवडतं. एवढ्या वर्षांत कंटाळले असं कधी झालं नाही.

त्या पावसाळ्यात शाळेच्या ओल्या पायरीवरून माझा पाय घसरला आणि डाव्या घोट्याचं हाड मोडलं. पायाला प्लास्टर आणि मी घरी. घरी म्हणजे अर्थातच क्लासमध्ये. दुपारच्या वेळी बॅच नसायची, तेव्हा पाय स्टुलावर टाकून मी एखाद्या संगणकासमोर बसायची. कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीला आईची दया आली आणि तिने मला एक खेळ टाकून दिला. गाणं सुरू होतं, पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात, डावा, खालचा, वरचा, उजवा. बाण वरच्या रेषेला टेकला की त्याच क्षणी कळफलकावरचा तोच बाण दाबायचा. क्षणभर आधी दाबला तरी चूक, क्षणभर नंतर दाबला तरी चूक.

पहिले काही दिवस माझी फजिती बघायला मुलगी मुद्दाम शेजारी बसायची. मग तिचं हसणं थांबलं. माझा हात बसत गेला. डोळ्यांनी बाण बघायचा, मग कोणता ते ठरवायचं, मग बोट हलवायचं, ही सगळी पायरीपायरीची भानगडच मधून निघून गेली. गाण्याचे शब्द मला कळत नसत, कुठल्या देशातलं तेही माहीत नसे, पण ठेका अंगात उतरायचा. भाजी निवडताना माझी बोटं परातीच्या काठावर चालत आणि सासूबाई विचारत, "आगं, हे काय करायलीस?" प्लास्टर निघायच्या सुमाराला मी मुलीच्या पुढे गेले होते. आई म्हणून लाज वाटायला हवी होती, पण मला आनंदच झाला.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. हाड छान जुळलंय, म्हणाले, आता बिनधास्त वजन टाका. मी हो म्हटलं, घरी आले, आणि मला ते जमेना. दुखत नव्हतं, हेच जास्त वाईट होतं. दुखलं असतं तर सांगता आलं असतं. पाय जमिनीला टेकायचा, पण त्याच्यावर भार द्यायची वेळ आली की आतून कुणीतरी मला मागे ओढायचं आणि मी पुन्हा उजव्या पायावर यायची. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई समजावून थकल्या. हातातली काठी सुटेना. दिवाळीच्या सुटीनंतर हजर व्हायचं होतं. वर्ग सोडून द्यावा, तालुक्याच्या ऑफिसात काहीतरी बैठं काम मागून घ्यावं, असं माझ्या मनात येऊ लागलं होतं. हे मी कुणालाच बोलले नव्हते. रात्रीच्या जेवणात एक घास कमी व्हायचा, एवढंच.

त्याच काळात घरात वाद पेटला. मुलीचं म्हणणं, हा खेळ मुळात पायांचा आहे. मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये त्याचं यंत्र असतं, जमिनीवर चार बाण असतात आणि त्यांवर नाचायचं असतं. एकदा मैत्रिणींबरोबर संभाजीनगरला गेली तेव्हा ती मोठ्या तोऱ्यात त्या यंत्रावर चढली होती. कळफलकावर इतकी तयार पोरगी, तिथे पहिल्याच गाण्यात गडबडली आणि खाली उतरली. तिचा निष्कर्ष असा की बोटांचा सराव पायांना कामाला येत नाही. नवऱ्याचा सिद्धांतच धोक्यात आला. तो म्हणाला, सराव डोक्याचा असतो, बोटं नुसती निमित्त, डोक्याला आलं की पायालाही येणारच. दोघं जेवताना, चहा पिताना, क्लासच्या पायऱ्या उतरताना भांडत. शेवटी मुलीने तारेची जोडणी असलेली, गुंडाळून ठेवता येणारी बाणांची चटई मागवली आणि दोघांनी एकमताने ठरवलं की प्रयोग आईवर करायचा. कारण आईची बोटं घरात सगळ्यात तयार होती. आईचा पाय कसा होता, ते दोघांनाही माहीत होतं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

चटई आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे खंडेनवमीला क्लासची पूजा असते. कुणी औत पुजतं, कुणी शिवणयंत्र, आम्ही कळफलक पुजतो. सासूबाई दरवर्षी प्रत्येक कळफलकाला हळदकुंकू लावतात आणि नवरा नंतर आठवडाभर ब्रशने फटींतलं कुंकू काढत बसतो. या वर्षी त्यांनी नव्या चटईची तार संगणकाला लागलेली पाहिली आणि विचारलं, हे पण क्लासचंच का? नवरा हो म्हणाला. झालं. चारही बाणांवर हळदकुंकवाची बोटं उमटली, मधोमध झेंडूचं फूल आलं, उदबत्ती लागली. मीही काठीवर रेलून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी, आपट्याची पानं वाटून झाल्यावर मुलगी म्हणाली, चल आई. मी चटईच्या काठाशी उभी राहिले आणि माझा पाय उचलेना. आयुष्यभर वह्यापुस्तकांना पाय लागला की वाकून नमस्कार केलेली बाई मी. वर्गात एखाद्या पोराचा पाय पाटीला लागला की त्याला पाया पडायला लावणारी तर मीच. आणि आता कुंकू लावलेल्या वस्तूवर नाचायचं? मी म्हटलं, हे माझ्याने व्हायचं नाही. मुलीने पुढे होऊन पाय टाकायला घेतला आणि तिचाही पाय अधांतरी राहिला. नवरा बुटांच्या कपाटाकडे बघत उभा राहिला. पूजा करताना एवढे शिकलेले तिघं आम्ही, पण ज्याच्यावर पाय द्यायचाय त्यालाच आपण देव करतोय, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. भीतीला लोकांपुढे न्यायला मला अगदी सोवळं कारण मिळालं होतं. काही दिवस ती चटई फुलासकट तशीच पडून राहिली आणि तिला वळसा घालून सगळे ये-जा करत.

सासूबाईंना शेवटी ते सहन झालं नाही. वाटेत देव मांडून ठेवलेला त्यांना चालत नाही. एका सकाळी अंघोळ करून त्या चिमूटभर अक्षता घेऊन आल्या, चटईवर टाकल्या आणि गणपती हलवतात तशी चटई जागेवरून जराशी सरकवली. मग ओल्या फडक्याने चारही बाण पुसून काढले. "झाली उत्तरपूजा," म्हणाल्या. "आता निस्तं प्लास्टिक हाय. नाचा न्हाईतर गुंडाळून ठिवा."

त्या आत गेल्या. मुलगी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आई, आता कोणतं कारण सांगणार?"

मला राग आला. इतका की काठी भिंतीला टेकवून मी थेट चटईवर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, लाव गाणं.

तिने सगळ्यात संथ गाणं लावलं. बाण वर येऊ लागले आणि एक गंमत कळली. माझे डोळे तयारच होते. कोणता बाण कधी येणार हे मला बाण दिसायच्या आधी कळत होतं, बोटं हवेत हलत होती, ठेका चुकत नव्हता. नवऱ्याचं तिथपर्यंत खरं होतं. सराव आला होता, बरोबर माझ्या पायांच्या वर येऊन थांबला होता. कळफलकावर चार बाणांना चार बोटं असतात, एक दाबताना दुसऱ्याला काही सोसावं लागत नाही. इथे पाय दोनच, आणि त्या दोघांवर सबंध माणूस उभा. बोट नुसतं बोट असतं. पाय उचलायचा म्हणजे आधी दुसऱ्या पायाच्या हवाली व्हावं लागतं. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि तरी मी खेळत राहिले, कारण अंगात राग होता.

तीन-चार दिवस आम्ही ते करत राहिलो. दुपारी क्लास रिकामा असताना. गुण वाढायला लागले. अर्ध्याहून खूप जास्त बाण बरोबर येऊ लागले आणि नवऱ्याने जाहीर केलं की सिद्धांत सिद्ध झाला. मुलगीही वरमली. मी मात्र काय करत होते ते मला ठाऊक होतं. मी उजव्या पायावर खांबासारखी उभी राहत होते आणि डाव्या पायाच्या चवड्याने जमतील तेवढे बाण टिपत होते. डावा, खालचा, वरचा. हलकेच, भार न देता. बघणाऱ्याला वाटावं की दुखरा पाय किती काम करतोय.

एका दुपारी गाणं संपल्यावर नवरा पडद्यावरचा निकाल वाचत बसला. तो निकाल वाचतो तसं बाकी कुणी वाचत नाही. क्लासमधल्या पोराचा कागद बघून कोणतं बोट आळशी आहे ते तो सांगतो. त्याने मला जवळ बोलावलं. "तुझे चुकलेले बाण सगळे उजव्या बाजूचे आहेत," म्हणाला. मी म्हटलं, चांगला पाय असून आळशी दिसतोय. तो हसला नाही. क्लासमध्ये काय होतं ते त्याने मला सांगितलं. एखादं अक्षर सारखं चुकतं, पोरं त्या बोटाला दोष देतात, पण बहुतेकदा ते बोट चांगलंच असतं. त्याच्या आधीचं बोट आपल्या जागेवर परत आलेलं नसतं.

मग तो म्हणाला, "उजवा पाय उचलायचा तर डाव्यावर उभं राहावं लागतंय. तू उभीच राहत नाहीयेस."

इतक्या दिवसांत घरात हे कुणी असं तोंडावर म्हणालं नव्हतं. मला एकदम रडू आलं. आणि मग जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं, की मी वर्ग सोडायचा विचार करतेय, की पोरांसमोर काठी घेऊन उभं राहायची मला लाज वाटते, की बेडूकउडी कोण दाखवणार.  वर्ग सोडू नको असंही तो म्हणाला नाही आणि सोड असंही नाही. त्याने गाणं पुन्हा लावलं.

मी चटईवर गेले. मुलगी दारात येऊन उभी राहिली, तिला काय झालंय ते माहीत नव्हतं. पहिला डावा बाण आला, मी सोडला. खालचा सोडला. वरचा सोडला. सगळे सोपे बाण जाऊ दिले आणि उजव्याची वाट बघत राहिले. तो खालून निघाला तेव्हाच मी ठरवलं आणि उजवा पाय उचलला. आतून ओढणारं ते जे काही होतं ते आलंच, नेहमीसारखं. पण उजवा पाय आता हवेत होता आणि परत खाली यायला मी त्याला परवानगी देत नव्हते. डावा घोटा थरथरला.  मी पडले नाही. उजवा पाय बाणावर टेकवायचा होता हे मी विसरून गेले, बाण रेषेवरून निघून गेला, त्याच्यामागून दुसरे आले, तेही गेले. पडद्यावर लाल अक्षरं उमटत होती.

मुलीला राहवलं नाही. "आई, दाब ना. सगळे चालले."

"जाऊ दे," मी म्हटलं. "मला उभं राहू दे."

गाणं चालू राहिलं आणि मी डाव्या पायावर उभी राहिले. खेळाने मधेच माझी हार जाहीर करून गाणं बंद केलं, तरी मी उभीच होते.