ओळीच्या शेवटची नावं

ऑफिसात आलेला राग तिथल्या तिथे काढता येत नाही, म्हणून त्याचे किस्से होतात. कुडाळच्या आमच्या ऑफिसचे माझ्याकडे पोतंभर साठलेत. ऑफिस म्हणजे मी, प्रोग्रामर विनय आणि सर.

काम होतं काजूची कलमं वाटणाऱ्या एका संस्थेच्या यादीचं. सामायिक जमिनीतल्या सगळ्यांची नावं फॉर्मवर एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम. प्रोग्रामने स्वल्पविराम शोधून नावं सुटी करायची. यादीत नाव असेल त्यालाच कलमं.

*

विनयने जुना इंग्रजी प्रोग्राम उचलला. मराठीसाठी रुंद अक्षरं घेतली, म्हणजे प्रत्येक अक्षराला दुप्पट जागा. ओळीची लांबी मात्र जुन्याच हिशेबाने ठेवली. शोध निम्म्या ओळीवर थांबला आणि पुढची नावं गायब.

"टेस्ट नाय केलंस?" मी विचारलं.

"केलंय मा. मराठी करूच्या आधी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्याकडे ओळीत आधी भाऊ लिहितात, मग विधवा भावजया, शेवटी बहिणी.

*

सर म्हणाले, "सेपरेटर बदला. स्वल्पविराम नको, उभी रेघ घाला."

अख्खा दिवस मी रेघा घातल्या. यादी होती तेवढीच निघाली.

"निदान दिसायला स्वच्छ झाली," सर म्हणाले. मी तशीच उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

*

सरांनी तीच यादी तपासायला गावागावांत पाठवली. वैभववाडीच्या एका गृहस्थांचा फोन आला, "यादी एकदम बरोबर आसा."

"आणि भयणींची नावां?"

"त्येंची लग्ना झाली. त्येंका कलमां कित्याक?"

सरांनी फाईलवर 'तक्रार नाही' असा शेरा मारला. तो कागद फाडावासा वाटला मला.

*

मग वालावलच्या सुमतीकाकी आल्या. नवरा गेलेला, कलमांसाठी खड्डे स्वतः मारून ठेवलेले, आणि यादीत नाव नाही. सोबत धाकटा दीर होता. त्याचं नाव यादीत होतं.

"वैनी, माझ्या नावार येतलीच मा कलमां," तो म्हणाला. "तुमका वेगळी कित्याक?"

सर म्हणाले, "टेक्निकल अडचण आहे, काकी. दुरुस्तीला वेळ लागेल."

काकींनी विनयला विचारलं, "खंयची नावां जातत?"

"शेवटची."

काकींनी नवा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "माझा नाव पयला घाल. ह्येचा शेवटाक. मगे काय कापूचा ता काप."

मी लिहायला घेतलं.

दीर खुर्चीवरून उठला. "ह्या दुरुस्त कधी होतला रे?"