बटणवालं पुस्तक

अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात कापायला लागले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. जेवण आई भरवायची, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण पुस्तकाचं पान दुसऱ्यानं पलटायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. आणि तो दुसरा मी होतो.

वडीगोद्रीत हायवेला लागून आमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत, मांडीवर पाट, पाटावर पुस्तक. गिऱ्हाइकाला नळी कापून देत असावं, तेवढ्यात "पलट." हात पुसून जावं, पलटावं, परत कात्री उचलावी, की पुन्हा "पलट." मुळात मला एका जागी बसवत नाही. मी चिडायचो, मुद्दाम उशीर लावायचो. ते मग वाचून झालेल्या पानाकडे बघत बसायचे आणि त्याचा मला आणखी राग यायचा. कोणाचा, ते सांगता येत नाही.

म्हणून टॅब आणला. त्यात सगळंच होतं, तीच पंचाईत झाली. थरथरतं बोट टेकलं की तीन पानं पुढं, नाहीतर अक्षरं कलिंगडाएवढी, नाहीतर शेळीपालनाचा व्हिडिओ सुरू. एकदा बहिणीच्या सासऱ्यांना परस्पर व्हिडिओ कॉल लागला. त्यांना नुसतं हलणारं बोट दिसलं. बिचारे मोटारसायकल काढून शहागडहून हजर.

"काय झालं व्याही? तब्येत बराबर हाय ना?"

"मला बिलकुल काही झालं न्हाई," अण्णा वैतागून म्हणाले. "झालंय ते या पाटीला."

मग नुसती पुस्तकं वाचायचा ई-रीडर मागवला, कडेला बटणं असलेला, शोधून शोधून. एका गिऱ्हाइकानं तो उलटसुलट करून पाहिला.

"यात क्रिकेट दिसतं का?"

"न्हाई."

"मंग काय दिसतं?"

"पुस्तक."

"बस?" मला कोणीतरी गंडवलंय अशा नजरेनं त्यानं तो परत दिला.

मराठी पुस्तकं हवी तेवढी मिळाली नाहीत, पण एक जाडजूड कादंबरी मिळाली. अण्णांनी बटणावर अंगठा ठेवला. अंगठा कापत होता, तरी पान हललं नाही. त्यांनी दाबलं. एकच पान पलटलं. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी सुटलो. आठवडाभर हाक नाही. तीच कादंबरी मी टॅबवर उघडली. दुसऱ्याच पानावर मोसंबीचे भाव बघितले, मग मॅच, मग उठलो, रस्त्यावरचे ट्रक बघितले, परत बसलो. तेव्हा ध्यानात आलं की दोन वर्षांत मी जे काही वाचलं, ते सगळं अण्णांच्या खांद्यावरून, त्यांचं पान पलटता पलटता. एकट्यानं मला वाचताच येईना झालंय. मी खरंच घाबरलो.

काल दुपारी न राहवून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. माझं अर्धं पान झालं, तोच त्यांचा अंगठा बटणावर गेला.

"थांबा ना अण्णा, माझं व्हायचंय."

"आता न्हाई," मान वर न करता ते म्हणाले. "दोन वर्षं लई थांबलो." आणि त्यांनी बटण दाबलं.