गाळणीत अडकलेली मैत्रीण

इतक्या वर्षांच्या ओळखीत तिनं मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. पाचवीत औंढ्याच्या शाळेत एका बाकावर बसलो, तेव्हापासून मी तिची ‘भवाने’. लाडात आली की ‘मुडदे’, फारच लाडात आली की ‘सटवे’. आमच्याकडे जिवाभावाच्या बाईलाच बाया असं बोलतात. ‘तुमी कशा आहात?’ असं विचारलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. पुढे मी कळमनुरीला मराठीची शिक्षिका झाले आणि तोंड सांभाळून बोलायला लागले. तिनं औंढ्यात बसस्टँडजवळ शिवणाचं दुकान टाकलं. तिचं तोंड होतं तसंच राहिलं.

आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे. ॲडमिन अर्थातच मी. वर्गाची मॉनिटरही मीच होते, सवय जात नाही. निवडणुकीच्या दिवसांत दोन वर्गमित्र एकमेकांच्या आयाबहिणींवर घसरले, तेव्हा मी ग्रुपला बॉट लावला. बॉट म्हणजे शब्दांची गाळणी. आपण यादी द्यायची. यादीतला शब्द दिसला की तो अख्खा मेसेज काढून टाकतो, लिहिणाऱ्याला एकट्यालाच ताकीद देतो आणि तिसऱ्या वेळी सात दिवस त्याचं तोंड बंद करतो. वर्गात असं काही मिळालं असतं तर माझा घसा वाचला असता.

यादी करायला बसले आणि पाचव्या शिवीलाच अडले. माझा साठा तेवढाच. मग तिला फोन लावला. बॉटचं काही बोलले नाही, शिव्या हव्यात एवढंच सांगितलं.

“लिहून घे,” ती शिलाई मशीन थांबवून म्हणाली. “बायांच्या सांगू का गड्यांच्या?”

“दोन्ही सांग.”

तिनं अर्धा तास सांगितल्या. मधेमधे हसून तिला ठसका लागत होता. शेवटी तिनं मला मारायच्या तिन्ही हाकाही सांगून टाकल्या आणि मी त्याही लिहिल्या. श्रुतलेखन चालू असलं की अर्थाकडे बघायचं भान राहत नाही. नवरा चहा घेऊन आला, वहीत डोकावला आणि कप ठेवून लगेच निघून गेला.

ताकीद मात्र मी स्वतः रचली: ‘आपला संदेश असभ्य भाषेमुळे काढण्यात येत आहे. आपली नम्र, ॲडमिन.’ त्या ‘आपली नम्र’वर मी भलतीच खूश होते.

गाळणी झकास चालली. भांडणारे दोघे सुतासारखे सरळ आले. ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार तेवढे उरले. ती ग्रुपवर फारशी लिहीत नसे, आमचं सगळं फोनवर चालायचं, त्यामुळे काही अडलं नाही.

मग एके दिवशी माझं पोट असं दुखलं की घरच्यांनी मला थेट नांदेडला नेलं. पित्ताची पिशवी काढायची ठरली. नवऱ्यानं माझ्या फोनवरून ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘हिला ऑपरेशनला नांदेडला आणलंय,’ आणि फोन बंद करून बॅगेत टाकला.

तिसऱ्या दिवशी फोन हातात आला. सगळ्यांची फुलं होती, हात जोडलेले होते, देव होते. तिचं काहीच नव्हतं. मी वर-खाली दोनदा बघितलं. आठवड्यानं तिचा मला एकटीला मेसेज आला: ‘मॅडम, तब्येत कशी आहे आपली?’

मॅडम! माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, ‘ठीक आहे. आभारी आहे.’ त्यानंतर दीड महिना आम्ही बोललो नाही. टाके लवकर भरले, पण हे फार लागलं. नवरा म्हणाला, फोन कर. मी म्हटलं, तिनं करावा, आजारी मी होते.

बॉट काढलेले मेसेज एका वेगळ्या जागी साठवून ठेवतो, ते फक्त ॲडमिनला दिसतात. मी ते कधी उघडून बघितले नव्हते. कचऱ्याचा डबा कशाला उपसायचा? एका वर्गमित्रानं तक्रार केली की माझा मेसेज गेला कुठं, म्हणून उघडलं. त्याचा सापडला नाही. तिचे तीन सापडले, तिन्ही माझ्या ऑपरेशनच्या दिवशीचे.

‘मुडदे, पोट कापायला निघालीस अन् मला सांगितलं काहून न्हाई?’

‘भवाने, फोन बंद येऊन राहिला. कोणता दवाखाना? मी नांदेडच्या बसमधी बसले.’

‘सटवे, नांदेडच्या स्टँडवर उभी हाय. डबा आणलाय, बिनतिखटाचा. दवाखान्याचं नाव तेवढं सांग.’

प्रत्येकाखाली माझी ताकीद होती. आपली नम्र, ॲडमिन. तिसऱ्याखाली लिहिलं होतं, सात दिवस गप्प. मला इतकी लाज वाटली की मी भर दुपारी पांघरूण घेऊन पडले.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेले. दुकानात दोन बाया मापाला उभ्या होत्या. तिनं मान वर केली नाही.

“या मॅडम. ब्लाउज शिवायचं का?”

मी आयुष्यात कुणाला वाईट शब्द बोललेली नाही. घसा खाकरला.

“भवाने, ते मी नव्हतं पुसलं.”

मशीन चालूच. “ताकीद पहिली,” ती म्हणाली.

“मुडदे, ते यंत्र पुसतं. खाली नाव माझं येतं.”

“ताकीद दुसरी.” मापाच्या बाया आता भिंतीला टेकल्या होत्या.

“सटवे, मला फक्त तुझाच मेसेज हवा होता. सगळे मिळाले, तुझाच नाही मिळाला.”

मशीन थांबलं. तिनं डोळे पदरानं पुसले, कोपऱ्यातलं स्टूल पायानं माझ्याकडे ढकललं.

“तीन झाले. आता सात दिस गप बसायचं. बस तिथं.”

मी बसले. गप्प मात्र राहवलं नाही.

“त्या दिवशीच्या डब्याचं काय केलंस?”

“परतीच्या बसमधी कंडक्टरला दिला,” ती म्हणाली. “चाखून म्हणतो, मावशी, कुणी आजारी हाय काय घरात? म्या म्हणलं, व्हय.”